मंडप पडत नाही, उडतो!

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत माझा अजूनही गोंधळ होतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. पण मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट आहे. “लेख दे, नाहीतर माझ्या मॅगीला हात लावायचा नाही,” अशी तिने धमकी दिली. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

विषय आमच्या प्रोजेक्टचा आहे. टी. ई. सिव्हिलचे आम्ही पाच जण. ठरवलं काय, तर कॉलेजच्या मागच्या महापालिकेच्या बागेत टाकाऊ वस्तूंपासून एक तात्पुरता मंडप उभा करायचा. चार मीटर बाय चार मीटर, तीन आठवड्यांसाठी, शाळेच्या मुलांना संध्याकाळी बसून पुस्तकं वाचायला सावली म्हणून. अटी दोन. एक, बागेत खणायचं नाही. दोन, काम झाल्यावर जागा होती तशी परत द्यायची. ऐकायला किती सोपं! मलाही तसंच वाटलं होतं.

आधी जगात कोणी काय केलं?

लायब्ररीत आणि लॅबमध्ये बसून आम्ही आधीची उदाहरणं शोधली. त्यातली तीन मनात राहिली.

पहिलं न्यूयॉर्कचं. तिथल्या बंदरात गव्हर्नर्स आयलंड नावाचं बेट आहे. पूर्वी ते लष्कराकडे होतं, आता तिथे सार्वजनिक बाग आहे. या बेटावर उन्हाळ्यापुरता मंडप उभारण्याची स्पर्धा २०१० साली सुरू झाली. २०१३ मध्ये स्टुडिओ केसीए या संस्थेने तिथे ‘हेड इन द क्लाउड्स’ नावाचा ढगाच्या आकाराचा मंडप बांधला. ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या नळ्यांचा सांगाडा, बाहेरून दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन आणि आतून पाण्याच्या बाटल्या. एकूण ५३,७८० नग! हा आकडा त्यांनी असाच घेतलेला नाही. न्यूयॉर्क शहरात एका तासात इतक्या बाटल्या फेकल्या जातात, असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे ढगात शिरलेला माणूस एका तासाच्या कचऱ्याच्या आत उभा असायचा.

दुसरं उदाहरण जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान यांचं. २००० साली जर्मनीत हॅनोव्हरला जागतिक प्रदर्शन भरलं. तिथला जपानचा मंडप त्यांनी फ्राय ऑटो यांच्या सल्ल्याने चक्क कागदी नळ्यांचा केला, ७० मीटरपेक्षा लांब! मंडप मोडल्यावर कमीत कमी कचरा उरावा, हा त्यामागचा मुख्य विचार. म्हणून पायाही काँक्रीटचा न करता वाळू भरलेल्या पेट्यांचा केला. अर्थात तिथेही नियम होतेच. अधिकाऱ्यांचं समाधान व्हावं म्हणून लाकडी कमानी आणि छपराच्या कागदावर पीव्हीसीचा थर घालावा लागला. (हे वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे इतक्या मोठ्या माणसालासुद्धा डिझाइन बदलून आणायला सांगतात!) याच बान यांनी १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं बांधली, त्यांच्या पायाला बिअरचे क्रेट वाळूची पोती भरून वापरले. २००१ च्या भूकंपानंतर आपल्या भुजला त्यांनी पाया पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याचाच केला आणि वर मातीची जमीन केली.

तिसरं हॉलंडमधलं. २०१७ मध्ये आइंडहोवनच्या डिझाइन सप्ताहासाठी ‘पीपल्स पॅव्हिलियन’ बांधलं. त्याचं सामान चक्क उसनं आणलेलं. न स्क्रू, न डिंक, न ड्रिलिंग. ट्रकवर माल बांधायचे जे पट्टे असतात, तसल्या पट्ट्यांनी लाकडं आवळली. सप्ताह संपल्यावर सामान ज्याचं त्याला परत.

हे वाचून आम्ही म्हटलं, वा! पण मग मांडव घालणारे आपल्याकडे दुसरं काय करतात? वासे, बांबू, काथ्या, कनात. आज लग्नाला, उद्या गणपतीला, परवा दहाव्याला. तोच बांबू कितीतरी वर्षं फिरतो. आपल्या गल्लीतला मंडपवाला हेच काम करत आला आहे, फक्त त्याचं कोणी प्रेझेंटेशन केलं नाही.

आमचा पहिला मंडप

सामान जमवायला फारसा त्रास पडला नाही. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे रोल संपला की मधली पुठ्ठ्याची नळी उरते, त्या २४ मिळाल्या. बांबू एका मंडपवाल्या काकांकडून उसने आणले. हॉस्टेलच्या मेसमधून आणि टेक-फेस्टच्या कचऱ्यातून एक लिटरच्या ७५० रिकाम्या बाटल्या निघाल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स तर कुठेही मिळतात. छपरावर उलट बाजू वर करून फ्लेक्स ताणला, त्याखाली बाटल्या ग्लू-गनने एकमेकींना चिकटवल्या. आठ पाय, प्रत्येक पाय म्हणजे तीन नळ्यांचा जुडगा. खाली प्रत्येक पायाशी चार-चार विटा.

डिझाइन आम्ही नीट केलं होतं, असा आमचा समज होता. छपराचं वजन काढलं, नळीवर किती भार येतो ते काढलं, नळी वाकेल का तेही तपासलं. लॅबमध्ये नळीचा तुकडा दाबून पाहिला. फॅक्टर ऑफ सेफ्टी इतका आला की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मंडप उभा राहिला. फोटो काढले. मुलं आली, बसली, वाचू लागली. बागेचे माळीकाका म्हणाले, “छान झालाय हो, पण वारं बघा.” आम्ही हसून मान हलवली.

चौथ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास अवकाळी आली. आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब. हॉस्टेलच्या खिडक्या आपटत होत्या आणि आम्ही लाइट गेल्याच्या आनंदात ओरडत होतो. मंडपाची आठवण मला झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. बाग बंद होती.

सकाळी सहाला गेलो. मंडप जागेवर नव्हता. पडलाही नव्हता. छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं जाऊन पंधरा पावलांवरच्या घसरगुंडीवर जाऊन बसलं होतं. पायाच्या नळ्या गवतात पसरल्या होत्या, विटा मात्र जिथल्या तिथे, जणू काही झालंच नाही. एक बांबू झोपाळ्याच्या फळीखालून आरपार गेला होता.

माळीकाका ओरडले नाहीत. त्यांनी फक्त तो झोपाळा दाखवला आणि म्हणाले, “सात वाजता इथं दहा-बारा पोरं असतात.”

एवढंच. पण ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. कॉलेजमध्ये आपल्या चुकीला केटी लागते, फार तर वर्ष जातं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण करतो त्या आकडेमोडीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी मूल बसलेलं असू शकतं. दोन तासांचा फरक, बस्स.

फळ्यावरचा हिशोब

सरांकडे गेलो. वाटलं, प्रोजेक्ट रद्द. सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि विचारलं, “तुमच्या छपराचं वजन खाली किती आणि वारा वर किती?” वर? आम्ही वर कधी पाहिलंच नव्हतं! आमचे सगळे बाण खालीच होते.

ज्युनिअर्ससाठी तो हिशोब इथे देते. वहीत उतरवून ठेवा.

वाऱ्यासाठी आपली संहिता म्हणजे आयएस ८७५, भाग ३. त्यातल्या नकाशात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. तात्पुरत्या बांधकामासाठी त्याला ०.७६ ने गुणायची सूट मिळते, कारण त्याचं आयुष्य कमी धरलेलं असतं. बाग मोकळी, पलीकडे ग्राउंड, म्हणून जमिनीच्या प्रकाराचा गुणक आम्ही १ धरला.

वेग = ३९ × ०.७६ × १ = २९.६ मीटर प्रति सेकंद (ताशी सुमारे १०७ किलोमीटर)

दाब = ०.६ × वेगाचा वर्ग = ०.६ × २९.६ × २९.६ = सुमारे ५२७ न्यूटन प्रति चौरस मीटर

छपराचं क्षेत्रफळ = ४ × ४ = १६ चौरस मीटर

चारी बाजूंनी उघड्या सपाट छपराला वारा वर खेचतो. त्याचा गुणांक ढोबळमानाने १ धरला, तर वर खेचणारं बल = ५२७ × १६ = सुमारे ८,४३० न्यूटन. म्हणजे जवळपास ८६० किलो वजन उचलण्याइतकी ताकद.

आणि आमचा मंडप किती किलोचा? नळ्या ७०, बांबू ६०, बाटल्या १७, फ्लेक्स ७. सगळं मिळून १५५ किलोच्या आत! विटा तर नुसत्या शेजारी ठेवलेल्या, कशालाच बांधलेल्या नाहीत.

उलटण्या-उडण्याची तपासणी करताना स्वतःचं वजन ०.९ ने कमी धरायचं आणि वारा १.५ ने वाढवायचा. ८६० × १.५ = १,२९०. त्याला ०.९ ने भागलं की १,४३३ किलो. त्यातून मंडपाचे १५५ वजा केले, तर साधारण १,२८० किलो वजन पायाशी हवं. आम्ही ठेवलं होतं ३२ विटांचं, तेही न बांधता.

सर म्हणाले, “बिल्डिंग पडू नये म्हणून डिझाइन करतात. मंडप उडू नये म्हणून.” वर्गात तीन वर्षं जे शिकले ते त्या वीस मिनिटांत डोक्यात शिरलं.

दुसरा मंडप

एप्रिलमध्ये पुन्हा परवानगी मागितली. माळीकाकांनी आमच्या बाजूने शब्द टाकला म्हणून मिळाली, हे इथे नमूद केलं पाहिजे. या वेळी चार गोष्टी बदलल्या.

पहिली, वजन. बागेशेजारी एक जुनी इमारत पाडत होते. तिथला राडारोडा फुकट मिळाला. तो जुन्या सिमेंटच्या पोत्यांत भरला आणि प्रत्येक पोतं वजनकाट्यावर मोजलं. ३२ पोती, एकही ४२ किलोच्या खाली नाही. म्हणजे कमीत कमी १,३४४ किलो. प्रत्येक पायाला चार. (मुलींना पोती उचलता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी यायला हवं होतं.)

दुसरी, बांधणी. ही गोष्ट मंडपवाल्या काकांनी शिकवली. वरून खाली येणारा भार एकावर एक ठेवलेल्या वस्तूंतून आपोआप जमिनीपर्यंत जातो. वर जाणारा भार मात्र बांधलेल्या गाठीतूनच जातो. एक गाठ सुटली की साखळी तुटली. म्हणून प्रत्येक पायाच्या नळीतून एक बांबू आरपार घातला. वर त्याला छपराचा सांगाडा काथ्याने आवळला, खाली दोन आडवे तुकडे फुलीसारखे बांधले आणि त्या फुलीवर पोती रचली. आता छप्पर उचलायचं तर वाऱ्याला पोतीही उचलावी लागणार. शिवाय मंडप बाजूला झुकू नये म्हणून तिरके बांबू दिले. काथ्या भिजवून कसा बांधायचा, वाळल्यावर तो कसा आवळतो, हे काकांनी करून दाखवलं. आमच्या सिलॅबसमध्ये ते कुठेच नाही.

तिसरी, छप्पर. ताणलेला फ्लेक्स म्हणजे जहाजाचं शीडच! तो काढून टाकला. बाटल्यांच्या तळाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडून त्या सुतळीत ओवल्या आणि माळांच्या मध्ये फटी ठेवल्या. वारा फटींतून निघून जातो, तळाच्या भोकामुळे बाटलीत पाणीही साठत नाही. सावली थोडी कमी झाली आणि मुलांच्या पुस्तकांवर उन्हाचे कवडसे नाचू लागले, पण त्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही. फटींमुळे वर खेचणारं बल कमी होणार, म्हणून मी पोती कमी करू या का असं विचारलं. सरांनी साफ नकार दिला. “फटी हा तुमचा बोनस. हिशोबात धरायचा नाही.” उलट बाटल्या कमी झाल्याने मंडप १४० किलोचा झाला, म्हणून लागणारं वजन वाढून सुमारे १,३०० किलो झालं. रचना हलकी झाली की पायाशी जास्त वजन लागतं, हे मला तरी आधी सांगून खरं वाटलं नसतं.

चौथी, पाय. पुठ्ठ्याची नळी ओली झाली की बिस्किटासारखी मऊ पडते. पहिल्या मंडपाच्या नळ्या खालून अशाच भिजल्या होत्या. तो भिजलेला भाग कापून टाकला आणि नळ्या जमिनीपासून वीतभर उंच, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या क्रेटवर ठेवल्या. कोबेच्या बिअर क्रेटवरून ही कल्पना सुचली.

भंगारवाले चाचांची व्हायवा

एक गोष्ट राहिलीच. पहिला मंडप उडाल्यावर आम्ही त्या चिकटवलेल्या बाटल्या घेऊन कॉर्नरच्या भंगारवाले चाचांकडे गेलो. त्यांनी एक बाटली हातात घेतली, ग्लू-गनचा गोळा नखाने खरवडून पाहिला आणि परत दिली. “ये नहीं चलेगा बेटा. गोंद लगा के माल को कचरा बना दिया.”

मग त्यांनी त्यांचा ढीग दाखवला. बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल वेगळं. बाटलीचं प्लॅस्टिक एक आणि झाकणाचं दुसरं. एकत्र वितळवलं तर दोन्ही वाया. स्वच्छ, सुटी, एकाच जातीची वस्तू असेल तर भाव. दोन जाती चिकटल्या की भाव नाही.

आम्ही अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘रिसायकल्ड’ लिहिलं होतं. खरं तर आम्ही विकता येण्याजोगा माल उचलून त्याचा कायमचा कचरा केला होता. टाकाऊ वस्तू वापरली म्हणजे पर्यावरणाचं काम झालं, असं नाही. वापरून झाल्यावर ती पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. म्हणून दुसऱ्या मंडपात डिंक नाही, एम-सील नाही. फक्त गाठी. चाचांना मी विचारलं, आता? ते म्हणाले, “अब ठीक है. सुतळी खींची, माल अलग.” कुठल्याही एक्सटर्नलपेक्षा ती व्हायवा अवघड होती.

पुन्हा ती रात्र

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. या वेळी आम्ही खिडकीत ओरडत बसलो नाही. रेक्टर मॅडमची परवानगी काढून मी आणि माझी पार्टनर टॉर्च घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहिलो. तिथून बाग दिसते. झाडं वाकत होती. बाटल्यांतून वारा शिरला की शिट्टीसारखा आवाज यायचा, शेकडो शिट्ट्या एकदम. एकदा छपराचा कोपरा हातभर वर गेल्यासारखा वाटला. पार्टनरने माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. कोपरा परत खाली आला. मी मनातल्या मनात गाठी मोजत होते.

सकाळी गेलो तेव्हा माळीकाका आधीच येऊन पोती तपासत होते. दोन ठिकाणी काथ्या सैल झाला होता, तेवढाच. त्यांनी स्वतःच तो आवळला. मग आम्हाला चहा पाजला.

मोडताना

तीन आठवड्यांनी मंडप उतरवला. अर्धा दिवस लागला. सरांनी सांगितलं होतं, “उभारणीला निम्मे मार्क, उरलेले निम्मे मोडणीला.” कुठली वस्तू कुठे गेली, त्याची यादी:

बांबू : मंडपवाल्या काकांना परत. दोन मोडले, त्याचे पैसे दिले.

बाटल्या : चाचांकडे. पूर्ण भाव मिळाला, त्यात सगळ्यांची मिसळ झाली.

नळ्या : चांगल्या होत्या त्या ड्रॉइंग शीट ठेवायला हॉस्टेलमध्ये वाटल्या, बाकीच्या रद्दीत.

राडारोडा : बागेच्या मागच्या वाटेवरच्या खड्ड्यांत. माळीकाकांची मागणी.

फ्लेक्स : त्यांच्याच खतखड्ड्यावर झाकण म्हणून.

क्रेट : दुकानदाराला परत.

कचरा म्हणून काय उरलं? तुटलेली सुतळी, चिकटपट्टी आणि सुरुवातीला घाईत लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. एक बादलीभर. पहिल्या मंडपाच्या वेळी हाच कचरा ट्रॉलीभर होता. पुढच्या बॅचने ती बादली रिकामी आणून दाखवावी, हे आमचं चॅलेंज!

तर मित्रांनो, कधी गॅदरिंगला, टेक-फेस्टला, गावच्या जत्रेला काही तात्पुरतं उभारायची वेळ आली, तर दोनच प्रश्न स्वतःला विचारा. सगळ्यात वाईट वारा येईल त्या रात्री हे जागेवर राहील का? आणि मोडून झाल्यावर दुसऱ्या सकाळी यातलं काय कोणाच्या हातात जाईल? या दोन्हींची उत्तरं कागदावर आकड्यांत लिहिता आली, तरच फोटो काढा.

आणि हो, माळीकाका ‘वारं बघा’ म्हणाले तर हसून मान हलवू नका. वर बघा.